टोन टॅग सक्तीचे करावेत का? ('/एस', '/जे' वगैरे)

उगाचच

मंडळी, जरा सल्ला हवाय. मी एका ऑनलाइन वाचन गटाचा ॲडमिन आहे, म्हणजे चार-पाच ॲडमिनांपैकी एक. बहुतेक सदस्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. तिथे एकाने मेहनत घेऊन भलीमोठी पोस्ट टाकली, त्यावर दुसऱ्याने लिहिलं "वा, काय अभ्यास आहे तुमचा". झालं. पोस्टवाल्याला वाटलं टोमणा मारला, त्याने खवचट उत्तर दिलं, मग ज्याने मनापासून कौतुक केलं होतं तो भडकला, मग दोघांच्या बाजूने माणसं उतरली आणि शेवटी दोघंही गट सोडून गेले. वाक्यात एक शब्द वाईट नाहीये, कितीही वेळा वाचा.

आता बाकीचे ॲडमिन म्हणतायत टोन टॅग सक्तीचे करू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाक्य संपलं की तिरकी रेघ आणि पुढे छोटी खूण. '/एस' उपरोध, '/जे' जोक, '/एचजे' अर्धं गमतीत अर्धं खरं, '/एसआरएस' सिरीयसली, '/जेन' जेन्युइनली, '/एलएच' हलक्याफुलक्या सुरात, '/एनएम' चिडलेलो नाही, '/पॉझ' आणि '/नेग' म्हणजे चांगल्या अर्थाने आणि वाईट अर्थाने. यादी अजून बरीच लांब आहे. मला सक्ती पटत नाहीये पण विरोध नक्की कोणत्या मुद्द्यावर करायचा तेही सुचत नाहीये. काय वाटतं?

तिरकस_बाण

सक्ती?? उद्या गालातल्या गालात हसायला फॉर्म भरून घ्याल. अहो उपरोधाची सगळी मजा त्या अर्ध्या सेकंदात असते, ज्यात वाचणारा म्हणतो हा खरंच असं म्हणतोय की काय, आणि मग त्याची ट्यूब पेटते. शेवटी '/एस' लावलंत की बटण तुम्हीच दाबलंत, त्याने काय करायचं, उजेडात बसायचं? ज्याला कळायचं त्याला कळतं. विरोध. सपशेल विरोध.

जुनं_खोड

बाणराव तुम्ही अलीकडे आलेले दिसताय :-) जुन्या मराठी संस्थळांवर आम्ही वर्षानुवर्षं 'ह. घ्या.' लिहीत आलोय, म्हणजे हलकं घ्या. फारच सभ्य माणूस असेल तर 'कृ. ह. घ्या.' काही ठिकाणी 'दिवा घ्या' म्हणायचे, लाइट घ्या म्हणून दिवा, आणि नवीन आलेला माणूस हमखास विचारायचा की हे सगळे एकमेकांना दिवे का देतायत. त्यामुळे टोन टॅग हे आजकालच्या पोरांचं खूळ वगैरे काही नाही, नाव नवीन आहे फक्त.

आणि स्मायलीचा जन्मही असल्याच भानगडीतून झालाय. १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या बुलेटिन बोर्डवर लिफ्टवरून कोडी घालणं चाललं होतं, लिफ्ट सुटून खाली पडायला लागली तर आत ठेवलेल्या पाऱ्याचं काय होईल वगैरे. त्यात कोणीतरी गमतीत सूचना टाकली की प्रयोगामुळे अमुक लिफ्टमधे पारा सांडलाय. ज्यांनी आधीचं वाचलं नव्हतं त्यांना ती खरीच वाटली! मग विनोदाला काहीतरी खूण पाहिजे म्हणून चर्चा, कोणी चांदणी सुचवली, कोणी टक्क्याचं चिन्ह, आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी :-) सुचवली. गंमत पुढे आहे. त्यांनी लगेच असंही लिहिलं की सध्याचा एकंदर रागरंग बघता जे विनोद *नाहीत* त्यांनाच खूण करणं जास्त परवडेल, आणि त्यासाठी :-( वापरा.

म्हणजे एकाच विद्यापीठातली, एकमेकांना रोज बघणारी डोकेबाज माणसं, आणि त्यांनाही लागली खूण.

शब्दशः

वाचत होते, पण बाणांचं "ज्याला कळायचं त्याला कळतं" वाचून लिहावंसं वाटलं.

मला ऑटिझम आहे, निदान मोठेपणी झालं. बोलणारा समोर असला तरी मला आवाजातला खवचटपणा दर वेळी पकडता येत नाही, लिहिलेल्यात तर सगळा अंदाजपंचेच कारभार. लोकांना वाटतं की आम्हाला विनोद कळत नाही. विनोद कळतो हो, विनोद *चाललाय* हे कळत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एखाद्याने "छान, अजून करा असं" लिहिलं की मी शब्द धरून बसते, आधीचे मेसेज वाचते, तो माणूस एरवी कसा बोलतो ते आठवते, आणि एवढं करून शेवटी उत्तरच देत नाही कारण चुकीचं उत्तर देण्यापेक्षा गप्प बरं. हे टॅग ज्या गटांमधे जास्त रुजले तिथे माझ्यासारखी माणसं भरपूर होती, हा काही योगायोग नाहीये.

आणि सगळे '/एस' वरच का अडकतात कळत नाही. मी स्वतः सगळ्यात जास्त '/जेन' वापरते. मी सरळ प्रश्न विचारला की "हे असं का केलं?", तर लोकांना तो जाब वाटतो. मला खरंच कारण हवं असतं. शेवटी '/जेन' टाकलं की निम्मी भांडणं होतच नाहीत. वरच्या किश्श्यातही तेच ना, तिथे उपरोध कुठे होता? कौतुक होतं. त्या माणसाने '/जेन' किंवा नुसतं "मनापासून" लिहिलं असतं तर विषय संपला असता.

जुनं_खोड

घ्या. फालमनसाहेबांचं दुसरं वाक्य. खऱ्या बोलण्यालाच खूण लावा.

आकडेमोड

यावर एक चांगला अभ्यास आहे, जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांचा, २००५ सालचा. लोकांना काही वाक्यं दिली, काही सरळ काही उपरोधिक, ती ईमेलने किंवा आवाजातून दुसऱ्याला पाठवायची आणि समोरचा बरोबर ओळखेल का याचा अंदाज करायचा. पाठवणाऱ्यांचा अंदाज दोन्हीकडे साधारण ७८ टक्के. प्रत्यक्षात आवाजातून ७३ च्या आसपास ओळखली गेली, ईमेलमधून ५६. दोनच पर्याय आहेत हे लक्षात घ्या, म्हणजे डोळे मिटून सांगितलं तरी ५० येतात.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की लिहिणाऱ्याला फरक जाणवतच नाही. आपण टाइप करताना वाक्य मनातल्या मनात आपल्याच सुरात ऐकत असतो, आणि तो सूर मेसेजबरोबर जात नाही हे डोक्यात येत नाही. वाचणाऱ्याचंही तेच, तो स्वतःच्या सुरात वाचतो, आणि त्यालाही आपण बरोबर ओळखलं याची खात्री असते. म्हणून भांडण. दोघंही आपापल्या जागी शंभर टक्के खरे.

तिरकस_बाण

शब्दशः, तुमचा मुद्दा पोचला, मी तसा विचार केला नव्हता. पण मग इमोजी आहेत की! हसणारा चेहरा टाका, डोळा मारा, ही शॉर्टहँडची परीक्षा कशाला? '/एचजे' आणि '/एलएच' मधला फरक मला अजून कळलेला नाही आणि मी नोकरीधंदा करणारा माणूस आहे.

आकडेमोड

इमोजीचं काय सांगू. मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ मधे बघितलं होतं. एकच चित्र, अगदी तेच, दोघांना दाखवलं तरी साधारण चारातल्या एका वेळेला ते चांगल्या भावनेचं, वाईट भावनेचं की मधलं यावर एकमत नाही. शिवाय तेव्हा प्रत्येक कंपनीच्या फोनवर तोच इमोजी वेगळा दिसायचा. आणि डोळा मारणारा चेहरा उपरोधाला लावता येईल, पण "मी हे खरंच म्हणतोय" याला कुठला चेहरा लावणार? हात जोडलेले?

फुलपाखरू_नाही_मी

मी ऑफिसवाल्यांच्या बाजूने बोलते. आमच्याकडे '/एस' कोणी लावणार नाही, पण टोनची मारामारी रोज आहे. वरिष्ठांचा मेसेज "ओके." आला की टीममधली पोरं अर्धा तास कुजबुजतात, काय चुकलं म्हणून. आणि त्यांनी फक्त शाळेत शिकवलं तसं वाक्य संपवलेलं असतं.

जुनं_खोड

पूर्णविरामात काय वाईट आहे आता???

आकडेमोड

काका, बिंगहॅम्टन विद्यापीठाचा अभ्यास आहे यावर, कॉलेजच्या मुलांवर केलेला, २०१५ च्या शेवटी आला. "येणार का?" टाइपच्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर, एकदा पूर्णविरामासकट एकदा त्याशिवाय. मेसेज म्हणून वाचताना पूर्णविराम असलेलं उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर दाखवली तेव्हा फरक पडला नाही. म्हणजे दोष टिंबाचा नाही. मेसेजमधे वाक्य संपवायला सेंड असतंच, मग वर टिंब का दिलं, हा प्रश्न वाचणारा नकळत विचारतो.

फुलपाखरू_नाही_मी

आणि अंगठ्याच्या इमोजीचं वेगळंच महाभारत. आमच्या वयाच्यांना तो "चालेल" वाटतो, नव्या मुलांना "बास कर" वाटतो. कॅनडात सस्कॅचवानला २०२३ मधे कोर्टाने अंगठा म्हणजे कराराला होकार धरला, जवसाच्या खरेदीचा मामला होता. शेतकऱ्याचं म्हणणं की मी फक्त करार *मिळाला* असं कळवलं होतं. नुकसानभरपाई ८२ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर. एका अंगठ्याचे.

अर्धवट_राव

हे वाचून मी सगळ्या ग्रुपांवरचे अंगठे काढून टाकायला निघालोय

ढाल

मला वेगळंच बोलायचंय आणि थोडं कडू आहे. टॅगची दुसरी बाजू कोणी सांगत नाहीये.

ज्या गटांमधे टॅग रुजलेत तिथे एक जात हमखास तयार होते, जी काहीही बोलते आणि शेवटी '/जे' चिकटवते. कुणाच्या दिसण्यावर, कुणाच्या भाषेवर, कुणाच्या घरच्या परिस्थितीवर. आणि तुम्ही बोललात की "अगं टॅग लावला होता ना, वाचत नाहीस का?" म्हणजे आधी टोचून घ्या आणि वर वाचता येत नाही हेही ऐकून घ्या. 'ह. घ्या.' चंही हेच व्हायचं, खोड काका नाकारणार नाहीत. टॅग हा फक्त बोलणाऱ्याचा दावा आहे की माझा हेतू असा होता. दावा खरा असू शकतो, खोटा असू शकतो, आणि हेतू खरंच गमतीचा असला तरी लागलेलं लागलेलंच असतं.

त्यामुळे सक्ती करणार असाल तर उगाचच, एक ओळ आधी लिहा: टॅग लावला म्हणून पोस्ट उडणार नाही असं नाही.

जुनं_खोड

नाकारत नाही. 'ह. घ्या.' लिहून लोकांनी एकमेकांचे कपडे फाडलेले पाहिलेत मी.

तिरकस_बाण

हे मात्र एकदम मान्य. चांगल्या उपरोधाला टॅग लागत नाही आणि वाईट उपरोधाला टॅग वाचवत नाही.

शब्दशः

पहिला अर्धा भाग चूक आहे. चांगल्या उपरोधालाही लागतो, वाचणारी मी असेन तर. आणि फक्त माझ्यासाठी नाही. इंटरनेटवर २००५ पासून पोचा नियम म्हणून एक म्हण फिरते, नेथन पो नावाच्या माणसाने एका धार्मिक चर्चेच्या फोरमवर लिहिलेलं. डोळा मारणारी स्मायली किंवा तसं काही नसेल तर टोकाच्या मतांची नक्कल तुम्ही कितीही भडक करा, कोणीतरी ती खरी समजणारच. कारण तेवढी टोकाची माणसं खरोखर असतात.

वाचनमात्र

ब्रिटनमधला एक खटला आठवला. २०१० च्या जानेवारीत बर्फामुळे विमानतळ बंद पडला म्हणून एकाने वैतागून ट्विट केलं, एवढ्या दिवसांत कारभार सुधारा नाहीतर विमानतळ उडवून देईन. खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं, दंड झाला, नोकरी गेली. शेवटी २०१२ मधे हायकोर्टाने निकाल फिरवला की वाचणाऱ्याला हे धमकी म्हणून वाटणारच नाही. अडीच वर्षं गेली. '/जे' लावला असता तर सुटला असता का? मला नाही वाटत, पोलीस म्हणाले असते जोक करत गुन्हा केला. पण वाचणारा कोण आहे हे आपल्या हातात नसतं हे खरं. तुम्ही मित्रांसाठी लिहिता आणि वाचतो भलताच कोणीतरी.

कान_देऊन

मी स्क्रीन रीडरवर वाचतो, दिसत नाही. इथे माझ्या बाजूचं दोन शब्द.

इमोजी म्हणजे माझ्यासाठी चित्राचं पूर्ण नाव. कोणी लागोपाठ आठ टाकले की आठ वेळा "आनंदाश्रूंसह हसणारा चेहरा" छापाचं ऐकावं लागतं आणि तोवर वाक्य काय होतं ते विसरायला होतं. टॅग त्या मानाने आटोपशीर, स्लॅश जे, संपलं. पण तो *शेवटी* येतो. तुम्ही डोळ्यांनी वाचता तेव्हा शेवटचा टॅग आधीच नजरेच्या कोपऱ्यात दिसतो. मी मात्र लांबलचक पोस्ट पूर्ण ऐकतो, मनस्ताप करून घेतो, आणि मग कळतं की गंमत होती. स्पॅनिशमधे प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीला उलटं टाकतात, अठराव्या शतकापासून, १७५४ ला त्यांच्या अकादमीने नियमच केला, कारण लांब वाक्यात प्रश्न आहे हे आधी कळलं पाहिजे. तेच शहाणपण इथे का नको? "गमतीत म्हणतोय," असं आधी म्हणा आणि मग काय ते बोला.

तिरकस_बाण

आधी सांगितलं तर उरलं काय माझ्या धंद्यात :-D

पण सुरुवातीला लावायची कल्पना उपरोध सोडून बाकी सगळ्याला लागू पडते हे कबूल. "खरंच विचारतोय, हे असं का केलं?" हे "हे असं का केलं? /जेन" पेक्षा कितीतरी बरं वाचलं जातं. आणि मराठीत आहे.

जुनं_खोड

उपरोधाला खूण द्यायचे प्रयत्न फार जुने आहेत हो. जॉन विल्किन्स यांनी १६६८ मधे उलटं उद्गारचिन्ह सुचवलं होतं. त्याच्याही आधी, १५८० च्या दशकात, इंग्लंडमधल्या हेन्री डेनहॅम नावाच्या छपाईवाल्याने ज्या प्रश्नाला उत्तर नको असतं त्यासाठी आरशातलं प्रश्नचिन्ह वापरलं. फ्रान्समधे १८९९ ला आल्कांतेर द ब्राम यांनी पुन्हा उपरोधाचं चिन्ह काढलं. एकही टिकलं नाही. २०१० मधे तर कोणीतरी उपरोधाचं चिन्ह चक्क विकायला काढलं होतं, १.९९ डॉलरला डाउनलोड करा म्हणे, लोकांनी त्याचीच टर उडवली.

आणि '/एस' मात्र फुकट टिकलं. माझा अंदाज असा की बाकी सगळ्यांना छपाईचा नवा खिळा, नवा फॉन्ट, नवी सवय लागत होती, आणि याला कीबोर्डवर आहे तेवढंच लागतं. ते आलंय पण वेब पानांच्या कोडमधून, लोक गमतीत 'सारकॅझम संपला' असा तिरकी रेघ असलेला, बंद करायचा टॅग लिहायचे, तो झिजून झिजून एवढासा राहिला. 'ह. घ्या.' तसंच, आहे त्या अक्षरांत काम भागलं.

फुलपाखरू_नाही_मी

एक प्रॅक्टिकल अडचण. नवख्या माणसाला '/एस' म्हणजे सिरीयस वाटतं. माझ्या बहिणीने एका ग्रुपवर तसं समजून वापरलं आणि सांत्वनाचा मेसेज उपरोध होऊन बसला. बिचारीला दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितलं.

अर्धवट_राव

अरे देवा

कान_देऊन

'/एनएम' चंही तसंच आहे. तुमच्या यादीत "चिडलेलो नाही", पण एरवी लोक तीच अक्षरं "विशेष काही नाही" म्हणून लिहितात.

उगाचच

खूपच मिळालं, आभार. आमच्या ॲडमिन ग्रुपमधे टाकायला असा मसुदा करतोय, बघा पटतो का.

सक्ती नाही. ज्याला टॅग लावायचे त्याने लावावेत, त्यावरून कोणी कोणाची टर उडवायची नाही. लघुरूपांची ती लांबलचक यादी रद्द, पूर्ण शब्द लिहायचे, "गमतीत", "उपरोधाने", "खरंच विचारतोय", "मनापासून", "चिडून नाही", आणि जमेल तिथे वाक्याच्या आधी. ढाल यांची ओळ सगळ्यात वर, टॅग असला तरी पोस्ट उडू शकते. आणि कोणी "हे कोणत्या अर्थाने?" असं विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं, "एवढंही कळत नाही का" म्हणायचं नाही. खरं तर मला हा शेवटचा नियम बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटायला लागलाय, कारण त्या दोघांपैकी एकाने जरी हे विचारलं असतं तरी पुरलं असतं.

शब्दशः

पटतंय. फक्त एक भर घाला, विचारायचंच तर सगळ्यांसमोरच विचारलं पाहिजे असं नाही, खाजगीत विचारलं तरी चालेल. चारचौघांत "हे कोणत्या अर्थाने?" विचारणं हेही पुष्कळांना आव्हान वाटतं.

ढाल

आणि पोस्ट नंतर एडिट करून टॅग चिकटवला तर? भांडण पेटल्यावर "गमतीत" जोडणारे खूप आहेत.

उगाचच

हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. नंतर जोडला तर "नंतर जोडलं" असं तिथेच लिहायचं, असं टाकू का? आमच्या ॲपमधे एडिटची वेळ दिसते पण आधीचं वाक्य काय होतं ते दिसत नाही.

ढाल

तेवढं चालेल. आणि उत्तरं यायला लागल्यावर मूळ वाक्य बदलायचं नाही, खाली नवीन ओळ लिहायची.

तिरकस_बाण

मसुद्याला माझं अनुमोदन. आणि ते दोघं परत आले का हो?

उगाचच

एक आलाय. दुसऱ्याला आज रात्री फोन करणार आहे, लिहून नाही.